विश्लेषण : पाचशेचे सर्किट, चौदा हजारांचा हिशेब! घरी साऊंड सिस्टीम बनवणे खरेच स्वस्त पडते का?

मोबाइलवर बोट फिरवता फिरवता असा एखादा व्हिडीओ हमखास समोर येतो. तळहातावर मावणारे हिरवे सर्किट, जुन्या डेकचे दोन स्पीकर, कपाटात पडून असलेला एक अ‍ॅडॉप्टर आणि दहा मिनिटांत खोली दणाणून सोडणारा आवाज. शीर्षकात किंमत असते ‘फक्त ५०० रुपये’. दुसरीकडे डिसेंबर २०२५ मध्ये रुपयाने डॉलरमागे ९० ची पातळी प्रथमच ओलांडली, तांबे महागले आणि चीनने चुंबकांच्या निर्यातीवर आणलेल्या निर्बंधांची झळ देशातल्या स्पीकर उद्योगालाही बसली. अशा वेळी घरी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर बनवण्याचा हिशेब नेमका कुठे जातो? पैसे वाचतात की उलट जास्त लागतात? आणि वाचत नसतील तर लोक अजूनही हे का करतात?

हा छंद एकेकाळी स्वस्त कशामुळे होता?

१९९१ पूर्वीच्या भारतात परदेशी म्युझिक सिस्टीम ही आखातातून आलेल्या नातेवाइकाने आणायची वस्तू होती. आयातीवर निर्बंध, जबर शुल्क आणि देशी ब्रँड मोजके. त्यामुळे मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यातील बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने यांना सोन्याचे दिवस होते. ‘असेंबल्ड’ हा शब्द तेव्हा अभिमानाने उच्चारला जाई. गल्लीतला रेडिओ मेकॅनिक ‘टूएन ३०५५’ हे ट्रान्झिस्टर वापरून अ‍ॅम्प्लिफायर बांधून देई. नंतर सॅन्यो कंपनीच्या ‘एलए ४४४०’ आणि ‘एसटीके’ मालिकेतील आयसी आले आणि काम आणखी सोपे झाले. मजुरी कमी, सुटे भाग हाताशी आणि तयार माल आवाक्याबाहेर, असे तिहेरी गणित होते. ब्रँडेड सेटच्या निम्म्या किमतीत घरात गाणी वाजू लागत.

अमेरिकेत हेच गणित वेगळ्या वाटेने जमले होते. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर ‘हीथकिट’ कंपनीने सुटे भाग आणि पायरीपायरीने समजावणारे पुस्तक एकाच खोक्यात विकायला सुरुवात केली. तिथे तयार माल मिळत नव्हता असे नाही, पण तो कारखान्यात माणसांच्या हातांनी जोडला जात असल्याने महाग होता. गिऱ्हाइकाने स्वतः सोल्डरिंग केले की ती मजुरी वाचे. पुढे जोडणीचे काम यंत्रांकडे गेले, मजुरीचा वाटा नगण्य झाला आणि १९९२ मध्ये हीथकिटने किटचा व्यवसाय गुंडाळला. भारतातही नव्वदच्या दशकात आयात खुली झाली, चिनी माल आला आणि ‘असेंबल्ड’ या शब्दाला ‘ब्रँडेड नसलेले’ असा काहीसा कमीपणाचा अर्थ चिकटला.

मग आता पुन्हा स्वस्त काय झाले?

स्वस्त झाले ते फक्त सर्किट. जुन्या पद्धतीचे अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे तांत्रिक भाषेत ‘क्लास एबी’, विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत घालवतात. त्यामुळे त्यांना जाडजूड अ‍ॅल्युमिनियमचे हीट सिंक आणि दोन-तीन किलोंचा ट्रान्सफॉर्मर लागतो. ‘क्लास डी’ पद्धतीत ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा उघड-बंद होतात आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘टीपीए ३११६’सारख्या एका चिपमध्ये दोन्ही बाजूंचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर मावतो आणि अंगठ्याएवढ्या हीट सिंकवर त्याचे भागते. या चिपचा तयार बोर्ड ऑनलाइन किंवा लॅमिंग्टन रोडवर ३०० ते ७०० रुपयांत मिळतो.

यामागे कराचाही भाग आहे. भारत १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला. त्यानंतर आयसी, कपॅसिटर, रेझिस्टर अशा मूलभूत घटकांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. लाऊडस्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर मात्र त्या यादीत नव्हते. परिणाम असा की आवाजाचे ‘डोके’ स्वस्त झाले आणि ‘शरीर’ महागच राहिले. व्हिडीओंच्या शीर्षकात दिसतो तो डोक्याचा भाव.

पैसे नेमके कुठे जातात?

एक साधा, पण ऐकण्यालायक संच डोळ्यांसमोर धरू. दिवाणखान्यात ठेवायचे दोन स्पीकर, प्रत्येकात साडेसहा इंची वूफर आणि एक ट्वीटर, सोबत ब्लूटूथ असलेला अ‍ॅम्प्लिफायर. पुढील किमती ढोबळ अंदाज म्हणून घ्याव्यात, दुकानागणिक त्यांत फरक पडेल.

अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड ५०० रुपये. २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा बऱ्यापैकी अ‍ॅडॉप्टर १,२०० रुपये. ब्लूटूथ मॉड्यूल २५०. व्हॉल्यूमचा पॉट, सॉकेट, टर्मिनल, वायर असे चिल्लर सामान ४००. इथवर खर्च २,३५० रुपये होतो आणि बहुतेकांचा उत्साह याच टप्प्यावर शिगेला असतो, कारण टेबलावर आवाज यायला लागलेला असतो.

खरा खर्च इथून सुरू होतो. देशी बनावटीच्या चांगल्या वूफरची जोडी २,२०० रुपये, ट्वीटरची जोडी हजार रुपये. जाड आवाज वूफरकडे आणि बारीक आवाज ट्वीटरकडे पाठवणारे क्रॉसओव्हर सर्किट दोन्ही पेट्यांसाठी मिळून आणखी हजार. मग लाकूडकाम. साधारण १५ लिटरच्या दोन पेट्यांना १८ मिलिमीटरचे प्लायवूड कापण्यातली तूट धरून १४ चौरस फूट लागते, म्हणजे सुमारे १,४०० रुपये. त्यातही दुकानदार आठ बाय चारची पूर्ण शीट घ्या म्हणतो, अर्धी मिळाली तर नशीब. कटिंग आणि सुताराची मजुरी १,५००. पेटीच्या आतले अस्तर, फेव्हिकॉल, स्क्रू आणि बाहेरून लॅमिनेट किंवा रंग यांचे ८००. अ‍ॅम्प्लिफायरसाठी धातूचा डबा ६००. कुरिअर आणि पहिल्या प्रयत्नात जळणारे एखाद-दोन भाग यांच्यासाठी हजार रुपये बाजूला ठेवलेलेच बरे. सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर, ड्रिलचे बिट असे काहीच घरात नसेल तर आणखी दोन हजार.

बेरीज १३ हजार ८५० रुपये. त्यात ज्या चिपवरून तासन्‌तास वाद रंगतात त्या बोर्डाचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. तयार पेट्या, त्यांचे लाकूड, मजुरी आणि रंगरंगोटी यांचाच खर्च बोर्डाच्या सातपटीहून अधिक आहे. चार-पाच शनिवार-रविवार यात जातात, त्याची किंमत इथे धरलेलीच नाही.

याच १० ते १५ हजारांच्या टप्प्यात बाजारात अ‍ॅम्प्लिफायर आणि ब्लूटूथ आत असलेली तयार स्पीकर जोडी मिळते. वर्षभराची वॉरंटी, रिमोट आणि नजरेला सुबक रूप त्यासोबत येते. म्हणजे पहिल्या संचावर पैसे वाचवण्याच्या अपेक्षेने उतरणाऱ्याची निराशा जवळपास ठरलेली आहे. दुसऱ्या संचाला हत्यारांचे दोन हजार पुन्हा लागत नाहीत, भाग कमी जळतात, उरलेले प्लायवूड कामी येते आणि तेव्हा कुठे हिशेब बरोबरीत येऊ लागतो.

कंपनीला जे जमते ते घरी का जमत नाही?

याचे उत्तर अनेक जण जीएसटीत शोधतात. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरवर १८ टक्के जीएसटी आहे आणि सुट्या भागांवरही साधारण तेवढाच. कंपनीला भागांवर भरलेल्या कराची वजावट मिळते, घरी बनवणाऱ्याला मिळत नाही, हे खरे. पण कंपनीच्या मालावर शेवटी पूर्ण विक्री किमतीवर कर लागतो, त्यात तिची मजुरी, जाहिरात आणि नफा हे सगळे येते. घरी बनवणारा फक्त भागांवर कर भरतो, स्वतःच्या मेहनतीवर नाही. त्यामुळे कराच्या बाबतीत तो तोट्यात आहे असे म्हणता येत नाही.

तोटा होतो तो संख्येत. कारखाना एका वेळी हजारो वूफर घेतो, घरचा कारागीर दोन घेतो. कारखान्यात पेटी एमडीएफची असते, संगणकावर चालणाऱ्या यंत्राने काही मिनिटांत कापली जाते आणि त्यावर विनाइलचा कागद चिकटतो. सुताराला गोल भोक अचूक पाडायला अर्धा तास लागतो. घाऊक आणि किरकोळ भावातली ही दरी कोणत्याही कौशल्याने भरून निघत नाही.

‘१०० वॉट’चे १८ वॉट कसे होतात?

व्हिडीओ पाहून खरेदी करणाऱ्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. ‘टीपीए ३११६’चा बोर्ड ‘१०० वॉट’ म्हणून विकला जातो. चिपच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते दोन्ही बाजूंना ५०-५० वॉट, पण ते २१ व्होल्टचा पुरवठा आणि ४ ओहमचा स्पीकर असेल तर. घरात असतो सेट टॉप बॉक्सचा किंवा राऊटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि जुन्या डेकचे ८ ओहमचे स्पीकर.

आता साधे गणित. या प्रकारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्वच्छ आवाजासाठी मिळू शकणारी कमाल ताकद म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट. १२ चा वर्ग १४४, भागिले १६, उत्तर ९ वॉट. दोन्ही बाजू मिळून १८. प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच. हाच बोर्ड लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर जोडला तर एका बाजूला सुमारे २२ वॉट आणि २४ व्होल्टवर ३६ वॉट निघतात. आवाज वाढवताना तो फाटतो, तेव्हा दोष चिपला दिला जातो. बहुतेक वेळा अ‍ॅडॉप्टर तोकडा पडलेला असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वॉट दुप्पट केले तर आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. याउलट स्पीकर विकत घेताना त्याची संवेदनशीलता पाहिली, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते पाहिले, आणि ८५ ऐवजी ८८ डेसिबलचा निवडला, तर अ‍ॅम्प्लिफायर न बदलता ताकद दुप्पट केल्यासारखे होते. हजार रुपये जास्तीचे असतील तर ते स्पीकरवर घालावेत असे जाणकार सांगतात त्याचे कारण हे आहे. पण स्पीकरच्या जाहिरातीत संवेदनशीलता क्वचितच छापतात, वॉट मात्र ठळक असतात. ‘पीएमपीओ’ नावाचे हजारो वॉटचे आकडे ज्यांना आठवतात त्यांना याचे नवल वाटणार नाही.

परदेशातून चांगले भाग मागवले तर?

देशी वूफरवर समाधान नसलेले बरेच जण अमेरिका किंवा युरोपातून स्पीकर ड्रायव्हर मागवतात. डॉलरमधली किंमत पाहून ते स्वस्त वाटतात. समजा जोडीची किंमत १०० डॉलर आणि वजनदार असल्याने वाहतूक ४० डॉलर. ९० रुपयांच्या दराने हे झाले १२ हजार ६०० रुपये. सीमा शुल्क वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या किमतीवर लागते. त्याचा दर वर्गीकरणावर ठरतो. उदाहरणापुरता १५ टक्के धरला तर १,८९० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाज कल्याण अधिभार, म्हणजे १८९. या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, सुमारे २,६४२. एकूण १७ हजार ३२१ रुपये. कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार वेगळा.

म्हणजे ९ हजारांची वस्तू दारात येईपर्यंत १७ हजार ओलांडते. ‘गिफ्ट’ असे लिहून पाठवण्याची जुनी युक्तीही आता चालत नाही. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना मिळणारी शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्ये जवळपास बंद झाली. त्यामुळे परदेशी भाग लावून बनवलेला संच परवडतो तो त्याच दर्जाच्या, लाखाच्या घरात जाणाऱ्या तयार परदेशी स्पीकरशी तुलना केली तरच. तिथे मात्र फरक खरोखर मोठा असतो. महागड्या स्पीकरच्या किमतीत आतल्या भागांचा वाटा लहान आणि ब्रँड, विक्रेता, आयातदार यांच्या नफ्याचा वाटा मोठा असतो.

चीनच्या चुंबकांचा आणि तांब्याचा काय संबंध?

प्रत्येक स्पीकरमध्ये एक चुंबक आणि तांब्याची एक गुंडाळी असते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला. निओडायमियम स्वतः त्या सातांत नाही, पण चुंबक तापमानात टिकावा म्हणून त्यात मिसळले जाणारे डिस्प्रोसियम आणि टर्बियम त्यात आहेत. भारतात वाहन उद्योगाची ओरड जास्त ऐकू आली. मात्र ‘एल्सिना’ या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने जून २०२५ मध्ये स्पीकर आणि ऑडिओ क्षेत्रातील २१ हजारांहून अधिक रोजगार धोक्यात असल्याचे सांगितले. नोएडा आणि दक्षिण भारतातील काही उत्पादक चुंबक मिळत नाहीत म्हणून चीनहून तयार स्पीकर मॉड्यूलच आणू लागले. चुंबक अडवला जातो, पण चुंबक बसवलेला स्पीकर येऊ शकतो, असा हा पेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात असे चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कारखाने उभे राहून माल बाहेर पडायला अर्थातच वेळ लागेल.

घरी बनवणाऱ्याला याची झळ थेट बसत नाही, हेही सांगायला हवे. दुर्मीळ धातूंचे चुंबक लागतात ते इअरफोन, साऊंडबार, छोट्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये, जिथे जागा आणि वजन वाचवायचे असते. पाच-सहा इंची किंवा मोठ्या वूफरच्या पाठीमागे असते ती काळी, जड फेराइटची चकती. ती स्वस्त आहे आणि या निर्बंधांच्या बाहेर आहे. तांब्याचे मात्र तसे नाही. मे २०२४ मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर तांबे टनामागे ११ हजार डॉलरच्या पुढे गेले आणि त्यानंतरही भाव चढेच राहिले. ज्यांना जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मरवाला किंवा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बनवायचा आहे त्यांना हे लगेच जाणवते. त्यांच्या खर्चात सर्वात मोठा आकडा ट्रान्सफॉर्मरचाच असतो आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे किलोने मोजलेले तांबे आणि लोखंड.

कुठे हात घालावा, कुठे नाही?

खिशात मावणारा ब्लूटूथ स्पीकर, इअरबड आणि साऊंडबार घरी बनवण्यात अर्थ नाही. दीड हजारांत तयार मिळणाऱ्या स्पीकरची बॅटरी आणि चार्जिंग सर्किटच सुटे घ्यायला गेले तर निम्मे पैसे संपतात. टीव्हीला एचडीएमआयने जोडायचा, डॉल्बी अ‍ॅटमॉस वाजवणारा रिसीव्हर तर बनवताच येत नाही. त्यातले तंत्रज्ञान परवान्याने मिळते आणि ते कंपन्यांनाच मिळते.

सबवूफर याच्या अगदी उलट. त्यात क्रॉसओव्हरची नाजूक कामे नाहीत, एक मोठा स्पीकर, एक बोर्ड आणि एक भक्कम पेटी. तयार सबवूफरच्या किमतीत पेटीच्या वजनाची वाहतूक दडलेली असते, ती सुताराकडे बनवली की वाचते. पेटीचा आकार अंदाजाने ठरवायचीही गरज नाही. ऑस्ट्रेलियात काम केलेल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी साठ-सत्तरच्या दशकांत मांडलेल्या सूत्रांवर आधारित संगणक प्रणाली फुकट मिळतात. स्पीकरचे आकडे भरले की किती लिटरची पेटी आणि किती लांबीची नळी हे त्या सांगतात. अट एवढीच की स्पीकर विकणाऱ्याने ते आकडे दिलेले हवेत. स्थानिक बाजारातल्या अनेक स्पीकरवर ते नसतात आणि मग पेटी ‘घुमते’ ती कायमची.

२३० व्होल्टचा धोका किती?

हिशेबात न धरलेली ही सर्वात मोठी बाब. ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घरातला २३० व्होल्टचा प्रवाह थेट पेटीत येतो. अर्थिंग न केलेला धातूचा डबा, फ्यूज नसणे, उघडी राहिलेली स्विचची टोके, यांपैकी एकही चूक जीवावर बेतू शकते. शिवाय मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भारित राहतात. व्हिडीओत हे सांगायला कुणाला वेळ नसतो.

क्लास डी बोर्डाचा खरा फायदा इथे आहे. बंद, तयार अ‍ॅडॉप्टर वापरला तर धोकादायक व्होल्टेज भिंतीजवळच थांबते, पेटीत येतात फक्त २४ व्होल्ट. पण तो अ‍ॅडॉप्टर विश्वासाचा हवा. ऑडिओ-व्हिडीओ उपकरणांच्या पॉवर अ‍ॅडॉप्टरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्यावर छापलेला असतो. दीड-दोनशे रुपयांत ‘२४ व्होल्ट, ५ अँपिअर’ म्हणून मिळणाऱ्या बिनानावाच्या अ‍ॅडॉप्टरवर तो बहुधा सापडत नाही. वरच्या हिशेबात बोर्डाला ५०० आणि अ‍ॅडॉप्टरला १,२०० धरले ते यासाठी. इथे पैसे वाचवणे हा शुद्ध आडमुठेपणा आहे. बनावट भागांचा प्रश्नही आहेच. नावाजलेल्या आयसीवरचे अक्षर खोडून नवे छापणे, छोट्या कपॅसिटरवर मोठ्याचे वेष्टन चढवणे हे प्रकार जगभरच्या सुट्या भागांच्या बाजारांत चालतात.

पैसे वाचत नसतील तर मिळते काय?

दुरुस्तीची शक्यता. तयार ब्लूटूथ स्पीकर दोन-तीन वर्षांत बॅटरी गेली की कचऱ्यात जातो, कारण तो गोंदाने चिकटवलेला असतो आणि आतला बोर्ड सुटा मिळत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यानंतर ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू झाले. शेती अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी वस्तू, वाहने ही त्याची क्षेत्रे. स्वस्त स्पीकरपर्यंत ते कधी पोहोचेल हा प्रश्नच आहे. घरी बनवलेल्या संचात अ‍ॅडॉप्टर गेला तर अ‍ॅडॉप्टर बदलतो, बोर्ड जळला तर पाचशेचा बोर्ड. पेटी आणि स्पीकर वीस वर्षे तसेच राहतात. १३ हजार ८५० पैकी जवळपास आठ हजार रुपये स्पीकर, क्रॉसओव्हर आणि पेट्या अशा न जुन्या होणाऱ्या गोष्टींत गेलेले असतात.

महाराष्ट्रात याला आणखी एक आधार आहे, तो म्हणजे साऊंडवाल्यांचा. लग्नसराई आणि गणेशोत्सवाच्या हंगामात फाटणारे कागद आणि जळणाऱ्या कॉइल बदलून देणारे कारागीर गावोगावी आहेत. मिरवणुकीतल्या भिंतींबद्दल कुणाचे मत काहीही असो, घरातल्या जुन्या वूफरचा फाटलेला कडेचा फोम काही शे रुपयांत बदलून मिळतो तो याच कारागिरांकडे.

सुरुवात किती रुपयांत होऊ शकते?

माळ्यावर बंद पडलेल्या म्युझिक सिस्टीमचे स्पीकर बॉक्स असतील तर दोन हजारांच्या आत. आधी बॉक्सच्या मागची पट्टी वाचावी, ४ ओहम आहे की ८ ते तिथे लिहिलेले असते. त्यानुसार बोर्ड, नोंदणीकृत अ‍ॅडॉप्टर आणि ब्लूटूथ मॉड्यूल घ्यावे. लाकूड, वूफर, ट्वीटर, क्रॉसओव्हर, सुतार हा सगळा खर्च कुणीतरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी केलेला असतो. जुन्या बॉक्सच्या वायरवर प्लस-मायनसची खूण पुसली गेली असेल तर पेन्सिल सेल क्षणभर टेकवून पाहावा. वूफरचा कागद बाहेर आला तर सेलचे प्लस टोक ज्या वायरला लागले ती प्लस. आत गेला तर उलट. ट्वीटरला सेल लावायचा नाही. दोन्ही बॉक्स एकाच पद्धतीने जोडले नाहीत तर बेस गायब होतो आणि लोक नवा वूफर आणायला बाजारात जातात.